एका फळीची जोडी

सुमीची माय, तू दोघांना बी शब्द देऊन बसलीस अन् निघून गेलीस. आता निस्तरायला मी हाये.

तेरावं झालं. पाव्हणे आपापल्या गावाला गेले, सतरंज्या झटकून झाल्या, अन् मंग दिलीप अन् सुमी दोघं माझ्यापुढं येऊन बसले. मला वाटलं, आबांचं पुढं कसं करायचं, कोणापाशी ठेवायचं, असलं काहीतरी काढतील. मी तयारीच केल्ती, मी कुठं यायचा न्हाई म्हणून. पण दिलीप म्हणला, "आबा, एक इचारायचं होतं. मायचा गाण्याचा सेट. माय म्हणली होती, माझ्या माघारी तू घेऊन जा."

सुमीनं डोळे वर केले. "काय बोलून राह्यला दादा? मला म्हणली होती माय. जालन्याच्या दवाखान्यात. हात धरून म्हणली."

"मला बी हातच धरला होता गं."

मंग दोघांनी बी माझ्याकडं पाह्यलं. जसं काही मी साक्षीदार हाये. मला तर तू काहीच म्हणली नव्हतीस. मी रोज डबा घेऊन यायचो, तू इचारायचीस, शेळीला पाला टाकला का, दाराची कडी लावली का. एवढंच. सेटचं अक्षर काढलं न्हाईस.

ते दोघं भांडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडलो असतो. ओरडायचं मला जमतं, तुला ठाऊक हाये. पण ते रडायला लागले. दिलीप एवढा बाप्या मानूस, त्याचे खांदे हलत होते. रडून झाल्यावर तोच म्हणला, "सुमे, असं करू. एक बॉक्स तू ने, एक मी नेतो. मायची आठवण दोघांच्या बी घरात राहील." सुमीनं पदरानं तोंड पुसलं अन् मान हलवली. मंग दोघांनी माझ्याकडं पाह्यलं.

मी बी मान हलवली.

आईतवारी दिलीप जीप घेऊन येनार हाये. एक बॉक्स जालन्याला, एक बदनापूरला. तुझी जोडी फुटनार. मी काय करू ते मला सांग. तुझा शब्द पाळावा तर जोडी फुटते. जोडी राखावी तर दोघातल्या एकाला तू खोटी ठरतीस. मेलेल्या बाईला मी खोटी कशी पाडू?

सुमी म्हणली, आबा तुम्ही बोलत न्हाई, मंग लिहा तरी. मी तिसरीतून शाळा सोडलेला मानूस. फळीवर पेन्सिलीनं माप लिहायचं तेवढंच माझं लिहिणं. पण बसलोय. घरात बोलायला कोणी न्हाई अन् शेळीशी किती बोलावं.

तुला आठवतं का, आपण हा धंदा धरला तव्हाचं. त्याच्या आधी मी दारं, चौकटी, झोपायच्या बाजा करायचो. मंग घरोघरी टेप आले. ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच, टेपला मोठा बॉक्स पायजे, आवाज पार वेशीपर्यंत गेला पायजे. जालन्याहून रफिक यायचा एसटीनं. मशीन म्हणजे अँप्लिफायर तो स्वतःच्या हातानं जोडायचा अन् स्पीकर पोत्यात घालून आणायचा. लाकूड माझं. अन् कान तुझा. ह्या तिसऱ्या गोष्टीला आपण दुकानाच्या पाटीवर कधी जागा दिली न्हाई.

गिऱ्हाईक यायचं ते मशीनचे लाईट मोजत यायचं. आवाजासंग वर-खाली नाचनारे ते लाल-हिरवे लाईट. ज्याला जास्ती लाईट ते मशीन चांगलं. तू आतून भाकरी थापता थापता ओरडायचीस, "लाईटच बघायची असंल तर जत्रंत जा म्हणावं. घर कसलं हाये ते इचारा त्याला. पत्र्याचं का माळवदाचं?"

एकदा एक पाटलाचा पोरगा चिडला. म्हणला, "वैनी, मला आवाज पायजे, घर काय करायचं? सोयरीक थोडीच जमवायचीय?"

तू पिठाचे हात घेऊन भायेर आलीस. "सोयरीकच हाये ही बाबा. पत्र्याच्या घरात मोठा स्पीकर नेला तर पत्रा आधी बोलनार अन् गाणं मागून. माळवदाची माती आवाज पिते, तिथं मोठा चालतो. अन् मशीनचं म्हणशील तर लई दांडगं बी नको, लई दुबळं बी नको. दांडगं असंल तर हळू बोलून भागतं. दुबळं असलं की जीव खाऊन वरडतं. अन् दुबळ्याच्या वरडण्यानंच बाईचे कान फुटतेत."

रफिक तिथंच पोत्यावर बसलेला. खो खो हसला. म्हणला, "मिस्त्री, ये तो भाभी तुमच्याकडं बघून बोल्ली!"

मी रंधा आपटला. तू आत गेलीस. पण पाटलाच्या पोराचं घर पत्र्याचं होतं, अन् तो लहान स्पीकरची जोडी घेऊन गेला. दिवाळीला पेढे घेऊन आल्ता. तुलाच दिले, मला न्हाई.

तू गेल्यापासून मी दोनच गोष्टींचा इचार करून राह्यलो. एक सेलाची अन् एक बोटाची.

सेलाचं असं की स्पीकरला मागं दोन तारा. जोडीतल्या दोन्ही स्पीकरच्या तारा एकसारख्या लागल्या तर दोघांचे पुढचे कागदी पडदे, आपण नुसतं कागद म्हणायचो ते, एकाच वक्ताला भायेर येतेत, एकाच वक्ताला आत जातेत. एकाची उलटी लागली की एक भायेर अन् एक आत. दोन्ही चांगले, दोन्ही वाजतेत, कुठं काही तुटलेलं न्हाई, पण आवाज पोकळ. एकानं केलेलं दुसरा पुसतो. म्हणून मी बॉक्सच्या मागं बसून तारांना बॅटरीचा सेल टेकवायचो, अन् तू पुढं. आधी तळहात लावायचीस. मंग म्हणलीस, "राखेनं भांडी घासून माझे हात बी तुमच्यासारखेच झाले, काय कळत न्हाई." तव्हापासून जाळी काढून गाल लावायचीस कागदाला. डोळे मिटून. रफिक म्हणायचा, डोळ्यानं दिसतं की भाभी. तुझा इसवास गालावर.

मी सेल टेकवायचो.

"भायेर," तू म्हणायचीस.

"बराबर," मी म्हणायचो, अन् त्या तारेपाशी लाल ठिपका द्यायचो. रंगाचा डबा वाळला होता तव्हा तू तेलात कुंकू कालवून दिलंस, मंग तेच चालू राह्यलं. जाफराबादच्या आजूबाजूला किती घरात आपले बॉक्स असतील, त्यांच्या पाठीवर तुझं कुंकू हाये.

अन् बोटाचं. जोडी जुळली का ते बघायला तू दोन्ही बॉक्सच्या मधोमध पाट टाकून बसायचीस. मी भजनाची कॅसेट लावायचो. तू डोळे मिटून बोट पुढं करायचीस, गाणारा कुठं बसलाय ते दाखवायला. बोट जरा डाव्या अंगाला गेलं की मी उजव्यातला स्पीकर बदलायचो, न्हाईतर आतला कापूस कमी-जास्त करायचो. कापसावरून बी आपलं किती वाजायचं! मी म्हणायचो, एवढा कापूस कोंबतेस, आवाज खाऊन टाकतो तो. तू म्हणायचीस, "आवाज खात न्हाई, कचकच खातो." सरकी काढलेला घरचा कापूस, उशी भरावी तसा भरायचीस, अन् पुन्हा पाटावर बसायचीस. असं करत करत बोट बिलकुल मधात यायचं, जिथं नुसती भिंत हाये, बॉक्स न्हाई, काहीच न्हाई. तू म्हणायचीस, "आता बसला. आता मधात मांडी घालून बसला."

मला तो कधीच दिसला न्हाई, सुमीची माय. आज सांगतो. आरागिरणीवर होतो तव्हापासून माझा उजवा कान जाड. मला गाणारा कायम डाव्या बॉक्सच्या पोटात ऐकू यायचा. उभा जन्म मी जोड्या केल्या अन् एक बी जोडी मी ऐकली न्हाई. तुझं बोट पाहायचो अन् गिऱ्हाइकाला सांगायचो, घेऊन जा, बराबर जुळलीय.

तुला हे माहीत होतं का? मला वाटतं होतं. कारण बोट मधात आलं की तू डोळे उघडून आधी माझ्याकडं बघायचीस, अन् हळूच म्हणायचीस, हितं हाये बघा. आंधळ्याला दाखवावं तसं. मला राग यायचा. आता ते "हितं हाये बघा" म्हणनारं कोणी न्हाई तर मी राग कोणावर काढू?

ते दोघं भाऊ आठवतेत का? एका भिंतीचे दोन घरं झाले होते त्यांचे. थोरला एकटाच आल्ता, बॉक्स सायकलवर बांधून. म्हणला, "मिस्त्री, वाटणीत एक मला आला, एक धाकट्याला गेला. आता याला जोड करून द्या."

मी फळी बघायला उठलो होतो. धंदा तो धंदा. तू म्हणलीस, "खाली बसा तुमी." अन् त्याला म्हणलीस, "दादा, बैलाची वाटणी व्हते, विहिरीच्या पाण्याची व्हते. ह्याची कशी केली? हे दोन न्हाईत, एकच हाये."

"आता केली ना वैनी. मंग काय करू?"

"भावाकडं जा. त्याचा बॉक्स घेऊन ये, न्हाईतर तुझा त्याला देऊन ये."

"त्याच्याशी बोलणं न्हाई आमचं."

"मंग गाणं कशाला ऐकतो?"

तो हात झटकून गेला. परत आला न्हाई. मी तुझ्यावर लई चिडलो, हातचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून. तू म्हणलीस, "फुटलेल्या जोडीला नवा जोड लावत न्हाई मी. त्या दोघांचं कधी जमलंच, तर हा नवा तिसरा कुठं जाईल?"

असं दुसऱ्याला शिकवनारी बाई तू. अन् स्वतःच्या लेकरांना काय केलंस?

तुझा सेट मी केला तो सागाच्या एका फळीतून. चांगली रुंद फळी, आष्टीला तुझ्या माहेरचा जुना झोपाळा मोडला तव्हा तुझ्या भावानं बैलगाडीत टाकून मोंढ्याच्या बाजारापर्यंत अन् पुढं टेंपोत घालून धाडली होती. मी ती चिरली अन् दोन्ही बॉक्सचे अंग असे लावले की एकाची रेघ जिथं संपते तिथून दुसऱ्याची सुरू. रफिकनं आणलेलं पोतं तू उलटं केलंस अन् एकेक स्पीकर लावून ऐकत बसलीस. स्वैपाक सोडून. मी म्हणलं, सगळे एकाच कारखान्यातले, काय फरक? तू म्हणलीस, एका मायचे लेकरं बी एकसारखे बोलतेत का? शेवटी दोन निवडलेस. मशीन रफिकनं त्या दोघांना बघून बांधलं, जास्ती न्हाई, कमी न्हाई. तू पाटावर बसलीस, बोट सरळ मधात गेलं, अन् तू डोळे उघडलेच न्हाई. कॅसेटची बाजू संपली, टेप खट्टकन बंद झाला, तरी बसूनच.

दुसऱ्या दिवशी आडत दुकानवाला आला. त्यानं बॉक्सवरून हात फिरवला अन् म्हणला, हेच पायजेत. मी बोलणार तेवढ्यात तू आतून आलीस अन् बॉक्सवर हात ठेवून उभी राह्यलीस.

"हे इकायचे न्हाईत."

"कामून?" मी म्हणलं.

"माझे हायेत."

लग्नाला किती वर्षं झालेली होती. त्याच्या आधी तुझ्या तोंडून "माझं" हा शब्द मी ऐकल्याचं मला आठवत न्हाई. घर माझ्या नावावर, शेताचा तुकडा माझ्या नावावर, दुकानाच्या पाटीवर माझं नाव. लेकरं बी आडनावानं माझेच. तुझी म्हणावी अशी एवढीच गोष्ट होती. आडतवाल्याला मी दुसरी जोडी करून दिली.

आता मला समजून राह्यलं तू असं का केलंस. पडल्या पडल्या तुला वाटलं असंल, लेकराला काहीतरी देऊन जावं. दिलीप पायथ्याशी बसला, तू त्याचा हात धरला, द्यायला काय हाये ते मनात चाचपलं. दुसऱ्या दिवशी सुमी बसली, पुन्हा तेच चाचपलं. देण्यासारखं तुझ्यापाशी एकच होतं अन् लेकरं दोन होती. कोणाला न्हाई म्हणनार होतीस? मी तुझ्या जागी असतो तर मी बी तेच केलं असतं. पण मी तुझ्या जागी न्हाई ना. मी इथं बसलोय, अन् परवा आईतवार हाये.

मी एक इचार काढला होता. काल दिलीपला फोन केला. म्हणलं, "जोडी फोडू नका रे. सहा महिने तू ठेव, सहा महिने ती ठेवंल."

"आबा, ने-आण कोण करनार? अन् सुमीच्या सासरी ते बरं दिसंल का? दर सहा महिन्याला जीप घेऊन जायचं?"

"मंग हितंच राहू दे. तुमी येत जा ऐकायला."

तो मंग म्हणला, "आबा, तुम्हाला द्यायचे नसतील तर तसं सांगा. आम्ही मागनार न्हाई." आवाज तुझ्यासारखाच झाला होता त्याचा. मी म्हणलं, तसं न्हाई रे बाबा, ये तू आईतवारी.

अजून एक सांगायचं राह्यलं. तेराव्यानंतर मी तुझा सेट लावला. आवाज पोकळ. भांड्यात तोंड घालून कोणी गावं तसा. माझ्या एका कानाला बी कळला. मला वाटलं, घर सारवताना कोणीतरी तारा काढल्या अन् उलट्या लावल्या. म्हणलं, निदान आईतवारपर्यंत तरी जोडी सरळ वाजू दे. सेल घेतला अन् बसलो तपासायला.

ते काम एकट्याचं न्हाई. तारा मागं, कागद पुढं. लांब वायर जोडून पुढं आणता आली असती, पण मोतीबिंदूमुळं कागद हललेला आता मला दिसत न्हाई. हाताचा तर काय सवालच न्हाई, रंध्यानं तळवा दगड झालाय. मंग मी बॉक्सच्या पुढं मांडी घातली, दोन्ही हात त्याच्याभोवती घालून मागं नेले अन् गाल कागदाला लावला. दाढी वाढलेली, ती कागदावर खरखर वाजायला लागली. मागं हातानं तारा चाचपल्या. सेल निसटला, पुन्हा उचलला. शेजारची जिजाबाई ताक घेऊन आल्ती, ती दारातच थबकली. म्हातारा बॉक्सला मिठी मारून बसलाय. ताक उंबऱ्यावर ठेवलं अन् तशीच माघारी गेली. गावात काय सांगितलं असंल कुणास ठाऊक.

शेवटी टेकला सेल. गालाला जरासा धक्का बसला. लहान लेकरू झोपेत ढकलतं तसा.

"भायेर," मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं.

मंग थांबलो. "बराबर" म्हणायचं काम माझंच होतं, पण ते मागून यायला पायजे होतं ना. मागं कोणी नव्हतं.

दुसऱ्याचं बी केलं. भायेर. तारा ठीक होत्या. कोणी हात लावला नव्हता. मंग आवाज कामून पोकळ?

पाटावर बसून मी समोरच्या भिंतीकडं पाह्यलं अन् समजलं. भिंतीवर वाकळ नव्हती.

माळवद पाडून आपण स्लॅब टाकला तव्हापासूनचं ते भांडण. तू म्हणायचीस, सिमिटाला आवाज आपटून माघारी येतो, भिंतीला वाकळ टांगा. मी म्हणायचो, घर हाये का धोबीघाट? पाव्हणे आले की मी काढून ठेवायचो, ते गेले की तू टांगायचीस. किती वर्षं चाललं हे. तोंडानं कमी अन् खिळ्यावर जास्ती. तू आजारी पडलीस, थंडी वाजायला लागली, तव्हा म्हणलीस, ती भिंतीवरची द्या, तिच्यात ऊब हाये. मीच काढून तुझ्या अंगावर टाकली. अन् तू गेल्यावर बायकांनी तुझं अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणं देऊन टाकलं. गेलेल्या माणसाचं ठेवत न्हाईत म्हणल्या. वाकळ बी त्यातच गेली. मी ओट्यावर बसून होतो, गठुडं बांधलेलं बघत होतो, अन् मला सुधरलं न्हाई की ह्यात काय चाललंय.

भांडण अर्धंच राह्यलं. आता भिंत मोकळी हाये, मला पायजे होती तशी. घे म्हणावं.

हे लिहून तीन दिवस झाले. आईतवार होऊन गेला.

दिलीप सकाळी आला. सुमी बी आल्ती, लेकराला घेऊन. तिनं चहा केला, तुझ्या पातेल्यात. चहा पिताना मी सगळं मनात जुळवलं होतं. ते दोन भाऊ सांगनार होतो, बोटाचं सांगनार होतो. मधात जिथं काही नसतं तिथं गाणारा बसतो, बॉक्स येगळे केले तर तो कुठं बसंल, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तू असतीस तर भाकरी थापता थापता बोलून गेली असतीस.

सुमी बॉक्सपाशी बसली होती. पदरानं त्याचा साग पुसत होती, वरून खाली, तू पुसायचीस तसा. दिलीप दुसऱ्याच्या तारा गुंडाळत होता. दोघांच्या बी तोंडावर असं होतं, जसं काही तुलाच उचलून न्यायला आलेत. मी तोंड उघडलं.

"ऊन लागू देऊ नका," म्हणलं. "साग असला तरी तडकतो."

तेवढंच आलं तोंडातून.

जीपमधी दिलीपनं त्याचा मागं ठेवला, चादरीत गुंडाळून. सुमीनं तिचा मांडीपाशी धरला, लेकरू दुसऱ्या अंगाला. फळीची रेघ एकाची इकडं राह्यली अन् दुसऱ्याची तिकडं. सुमी म्हणली, आबा, चला आमच्यासंग. दिलीप म्हणला, माझ्याकडं चला. दोघांनी बी एकदमच म्हणलं. मी म्हणलं, शेळी हाये. जीप जाफराबादच्या रस्त्याला लागली अन् मी दार लावून घेतलं.

मशीन हितंच हाये. ते कोणी मागितलं न्हाई. दोघांकडं बी आपापलं नवं हाये. दिवेलागणीला मी बटण दाबलं, टेपात तुझी भजनाची कॅसेट घातली. आवाज न्हाई. आवाज कुठून येनार? पण लाईट नाचायला लागले. लाल-हिरवे, वर-खाली, भजनाच्या ठेक्याला बराबर. मृदंग वाजला की सगळे वर जायचे. मी बघत बसलो. तू जन्मभर ज्याला हसलीस तेच करून राह्यलो, लाईट बघून राह्यलो.

तेवढ्यात दिलीपनं घेऊन दिलेला मोबाईल वाजला. सुमी होती, बदनापूरहून.

"आबा, पोचले मी. बॉक्स नीट आला. जोडायला बसलेय, पण मागं मायचा लाल ठिपका दिसंना. पुसताना माझ्याच पदरानं गेला वाटतं. लाल वायर कोणत्या तारेला लावू?" मंग आवाज बारीक झाला. "उलटी लागली तर काय व्हईल?"

लाईट नाचतच होते. मी मोबाईल चांगल्या कानाला लावला.

"एकट्याला उलटं-सुलटं काय नसतं पोरी," मी म्हणलं. "कशी बी लाव."